कामगारास पारितोषिक द्यावे काय?

गेल्या गीताजयंतीस, मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या दिवशी, दिल्लीतील एका महाराष्ट्रीय कुटुंबात अठरा अध्यायांचे पारायण झाले. प्रसाद होऊन मंडळी उठली, तरी एक सद्गृहस्थ मागे थांबले. गुरुग्रामजवळच्या एका कारखान्यात शंभर-सव्वाशे माणसांवर देखरेख करण्याचे काम ते करतात. जरा संकोचाने ते म्हणाले, "शास्त्रीजी, सकाळी आपण सर्वांनी दुसरा अध्याय म्हटला. फळावर तुझा अधिकार नाही, असे भगवंत सांगतात. आणि मी तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस माझ्या माणसांसमोर उभा राहून फळच दाखवितो. एवढे नग काढा, एवढी रक्कम मिळेल. पहिला येईल त्याचे छायाचित्र भिंतीवर लागेल. मग मी रोज गीतेच्या उलट उपदेश करतो असेच झाले ना? आणि ही योजना बंद करावी, तर उत्पादन घसरेल, वरून जाब विचारला जाईल. काय करावे?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर त्या दिवशी मी दिले ते थोडे घाईचे होते. पुढे कित्येक दिवस तो मनात घोळत राहिला. ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, मग ती कारखान्यात असोत, दुकानात असोत वा घरात भांडी घासणारी असोत, अशा प्रत्येक गृहस्थाचा हा प्रश्न आहे, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

प्रथम शब्दांचा गोंधळ निस्तरला पाहिजे. आपण मराठीत 'फळ' हा एकच शब्द पगार, बक्षीस, बढती, कीर्ती, पुण्य या सर्वांस सरसकट लावतो. शास्त्रकारांनी असे केलेले नाही. पूर्वमीमांसेत यज्ञाचा विचार करताना एक भेद फार काळजीपूर्वक केला आहे. यज्ञाचे फळ मिळते ते यजमानास. मंत्र म्हणणारे, आहुती टाकणारे ऋत्विज श्रम करतात, पण स्वर्ग त्यांच्या वाट्याचा नव्हे. त्यांना मिळते ती दक्षिणा. आणि ही दक्षिणा म्हणजे दान किंवा कृपा नव्हे, तर ऋत्विजांना कर्मासाठी बांधून घेण्याचे मोल होय, असा मीमांसकांचा निर्णय आहे. तेव्हा दक्षिणा हे कर्मफल नाही. ती कर्माचीच एक अट आहे, तुपासारखी किंवा समिधेसारखी. तिच्यावाचून कर्म पुरे होत नाही.

आता कारखान्याकडे पाहावे. मोटार तयार होते, ती विकली जाते, नफा होतो. हे फळ कोणाकडे जाते? यजमानाकडे. यंत्रापाशी आठ तास उभा राहणारा माणूस येथे ऋत्विजाच्या ठिकाणी आहे. त्याचे वेतन ही त्याची दक्षिणा. ती त्याने मागितली म्हणून तो फळाचा लोभी ठरत नाही. उलट सतराव्या अध्यायात भगवंतांनी तामस यज्ञाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दक्षिणा न देता केलेला यज्ञ हे एक आहे. ज्यांना कामगाराच्या पगारवाढीच्या वेळी दुसरा अध्याय आठवतो, त्यांनी सतरावाही वाचावा, अशी माझी नम्र सूचना आहे. निष्काम कर्माचा उपदेश भगवंतांनी कर्त्याला केला आहे. 'तुझ्या नोकराला फळ देऊ नकोस' असे त्यांनी कोणत्याही धन्याला सांगितलेले नाही. दुसऱ्याच्या निष्कामतेवर आपला सकाम धंदा चालविणे याला गीतेत कोठेही आधार सापडत नाही. तिसऱ्या अध्यायात तर, घेतलेल्याचा वाटा परत न देता एकट्याने भोगणाऱ्यास स्पष्टपणे चोर म्हटले आहे.

हे इतके स्पष्ट बोलण्याचे कारण गुरुग्रामच्या आसपासच आहे. मारुती कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला आणि डिसेंबर १९८३ मध्ये तिची पहिली मोटार बाहेर पडली, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. अधिकारी आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह, ही जपानी पद्धत आपल्याकडे नवी होती. उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन-वेतनही होते आणि त्याचा लाभ कामगारांनी घेतला. परंतु याच प्रोत्साहन-योजनेच्या स्वरूपावरून २००० साली तंटा उभा राहिला. वर्तनाच्या हमीपत्रावर सही केल्यावाचून कामगारास आत प्रवेश मिळेना, आणि ते प्रकरण जानेवारी २००१ पर्यंत चालले. पुढे त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात २०११ साली वारंवार संप झाले. तेथल्या गाऱ्हाण्यांत एक ठळक गाऱ्हाणे असे होते की, पगाराचा मोठा भाग प्रोत्साहनाच्या नावाखाली येतो आणि एक दिवस रजा घेतली तरी त्यातून जबर कपात होते. अन्य कारणेही होती. स्वतंत्र संघटनेची मान्यता आणि कंत्राटी कामगारांची स्थिती ही त्यांत प्रमुख होती. १८ जुलै २०१२ रोजी तेथे जो हिंसाचार झाला, त्यात एका अधिकाऱ्यास प्राणास मुकावे लागले. त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही विचाराने होऊ शकत नाही. पण एक गोष्ट मनात नोंदवून ठेवावी. जी रक्कम आजारपणाच्या एका दिवसाने गळून पडते, तिला बक्षीस म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. ती दक्षिणाच आहे. तिच्या गळ्यात केवळ दोरी बांधलेली आहे.

मग दक्षिणेहून वेगळे, खरेखुरे पारितोषिक, म्हणजे ठरलेल्या वेतनावर अधिक काही, ते द्यावे की देऊ नये? येथे खरा प्रश्न सुरू होतो.

प्रथम असे सांगितले पाहिजे की आपले प्राचीन राजनीतिकार या बाबतीत भाबडे नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजसेवकांची वेतने ४८,००० पणांपासून ६० पणांपर्यंत लावून दिली आहेत, आणि वरच्या अधिकाऱ्यांस इतके वेतन का, याचे कारणही दिले आहे. तेवढ्याने ते लोभास वश होणार नाहीत व त्यांच्या मनात असंतोष राहणार नाही. म्हणजे वेतन इतके असावे की माणसाचे चित्त वेतनावरून उठून कामावर बसावे. त्याच ग्रंथात सूत कातणाऱ्या स्त्रियांचे प्रकरण आहे. सूत बारीक, मध्यम की जाड हे आधी पाहावे, मग ते किती हे पाहावे, आणि त्यावरून वेतन ठरवावे. सूत अधिक निघाल्यास तेल, आवळकाठी व उटणे देऊन त्यांचा सन्मान करावा. सणाच्या दिवशी काम करवून घेणे झाल्यास भेटी व मान द्यावा. वेतन घेऊन काम न करणारीस जी शिक्षा सांगितली आहे ती क्रूर आहे. तिचा पुरस्कार आज कोणी करणार नाही. परंतु पारितोषिकाच्या विचारात त्याने जो क्रम ठेवला आहे तो पाहण्यासारखा आहे. प्रथम गुण, नंतर परिमाण. आमच्या काळी हा क्रम बहुधा उलटा झाला आहे, कारण नग मोजता येतात आणि गुण पाहण्यास डोळा लागतो.

दुसऱ्या अध्यायातील त्या सुप्रसिद्ध श्लोकाकडे आता वळू. त्याचे चार चरण आहेत, आणि लोक दोनांवर थांबतात. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे दोन चरणांत आले. तिसऱ्या चरणात भगवंत म्हणतात की तू 'कर्मफलहेतु' होऊ नकोस, आणि चौथ्यात सांगतात की कर्म न करण्याचीही आसक्ती तुला नसावी. अनुवाद करताना या 'हेतु' शब्दापाशी प्रत्येकाला थांबावे लागते. श्रीमच्छंकराचार्य तेथे 'फळ मिळण्याचे कारण तू होऊ नकोस' असा अर्थ घेतात. फळाची तृष्णा धरलीस तर ते कारण होशील, असा त्यांचा आशय आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त 'अमुक फळ मिळावे हा हेतू मनात ठेवून काम करणारा' असा अर्थ केला आहे. दोन श्लोक पुढे गेल्यावर हाच शब्द पुन्हा येतो. तेथे ज्यांचा हेतू फळ हाच आहे त्यांना भगवंतांनी कृपण म्हटले आहे, आणि तेथे आचार्यही फळाच्या तृष्णेने प्रेरित झालेले असाच अर्थ करतात. तात्पर्य, फळ येणे, घेणे किंवा वापरणे यांचा येथे निषेध नाही. काम करण्याचे कारण म्हणून फळाने मनात जाऊन बसणे, याचा निषेध आहे.

असे असेल तर पारितोषिकाची परीक्षा एकाच प्रश्नाने होईल: ते आल्याने माणसाच्या मनातील हेतू बदलला काय?

याचे उत्तर सर्वांच्या बाबतीत एक येत नाही, आणि ते का येत नाही हे अठराव्या अध्यायात आहे. तेथे कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक कर्ता आसक्ती व अहंकार यांपासून मोकळा, तरी धैर्याने व उत्साहाने भरलेला असतो. हा 'उत्साह' शब्द विसरता कामा नये. निष्काम म्हणजे मरगळलेला नव्हे. राजस कर्ता फळासाठी धावणारा, लोभी, हर्ष-शोकांनी हेलकावणारा. आणि तामस कर्ता आळशी, विषण्ण, आजचे उद्यावर टाकणारा. आता या तिघांपुढे एकच बक्षीस ठेवून पाहा. तामसाला ते वर ओढते. तो निदान उठून कामास लागतो, राजस होतो. राजस होता तो आहे तेथेच राहतो, त्याची धाव थोडी वाढते. पण जो सात्त्विक वृत्तीने काम करीत होता त्याला ते खाली ओढते. कामाच्या गोडीने काम करणारा बक्षिसाकडे पाहू लागतो. एकाच औषधाने एकाचा ज्वर उतरतो आणि दुसऱ्यास चढतो. औषध देणाऱ्याने नाडी पाहिलेली नसते.

हा केवळ पोथीतला विचार आहे असे कोणास वाटल्यास अलीकडच्या संशोधकांनी केलेल्या तीन परीक्षा सांगतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालविते. शिक्षक येतच नसत. ज्या शाळांत काही उपाय केला नव्हता तेथे गैरहजेरी शेकडा ४२ होती. २००३ साली काही शाळांना कॅमेरे देण्यात आले. दिवसाच्या आरंभी व शेवटी शिक्षकाचे मुलांसह छायाचित्र घ्यावयाचे, आणि हजेरीच्या दिवसांप्रमाणे वेतन कमीअधिक व्हावयाचे. गैरहजेरी शेकडा २१ वर आली, मुलांची प्रगतीही सुधारली. तामसाकडून राजसाकडे असे हे उदाहरण झाले, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. मुलांच्या दृष्टीने शाळेत आलेला राजस शिक्षक घरी राहिलेल्या निष्काम शिक्षकापेक्षा केव्हाही बरा.

दुसरी परीक्षा तमिळनाडूतील मदुरैच्या आसपासच्या खेड्यांतली. लोकांना स्मरणाचे, हस्तकौशल्याचे असे काही खेळ देण्यात आले. चांगले खेळल्यास प्रत्येक खेळामागे काहींना ४ रुपये, काहींना ४० आणि काहींना ४०० रुपये मिळावयाचे होते. ४०० रुपये म्हणजे त्या वेळी खेड्यातील माणसाच्या जवळजवळ महिन्याच्या खर्चाची रक्कम. चार आणि चाळीस वाल्यांत फारसा फरक पडला नाही. चारशेवाले सर्वांत वाईट खेळले. २००९ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा अर्थशास्त्रज्ञांस तिचे आश्चर्य वाटले. गीतेच्या वाचकास वाटू नये. राजसाच्या लक्षणांतील हर्ष आणि शोक यांनी त्यांचे हात कापत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी जी गीतेवरील प्रवचने दिली, त्यांत हाच मुद्दा साध्या हिशेबाने मांडला आहे. फळाचे चिंतन करणाऱ्याचा जो वेळ त्या चिंतनात जातो, तो फलत्याग्याच्या कामात जमा होतो.

तिसरी परीक्षा १९७३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील एका बालवाडीत, ज्या मुलांना चित्रे काढण्याची मूळचीच आवड होती अशी मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सुंदर प्रमाणपत्र मिळेल. काहींना आधी काहीच सांगितले नाही, चित्र झाल्यावर अकस्मात तेच प्रमाणपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो, ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले मोकळ्या वेळात चित्रांकडे पूर्वीच्या मानाने फार कमी वळू लागली होती. अकस्मात ज्यांना मिळाले होते त्यांची गोडी मात्र तशीच होती. मुलास अभ्यास केल्याबद्दल चॉकलेट कबूल करणाऱ्या आईबापांनी यावर थोडा विचार करावा.

आधी दाखविलेले ते प्रलोभन आणि मागून दिलेला तो गौरव. वस्तू एकच, पण मनात तिची जागा निराळी. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरचा पांबन पूल उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा उभा करण्याचे काम ई. श्रीधरन या तरुण रेल्वे अभियंत्याकडे आले. कित्येक महिन्यांचे काम त्यांनी ४६ दिवसांत पुरे केले. त्याबद्दल रेल्वेमंत्र्यांचे पारितोषिक त्यांना मिळाले, पण ते पुलावरून गाडी गेल्यानंतर. समुद्रात बुडालेल्या तुळया वर काढताना त्यांच्यापुढे पारितोषिक नव्हते, पूल होता.

गौरव दरवर्षी ठरलेल्या तारखेस येऊ लागला म्हणजे मात्र त्याचेही रूप पालटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी भरभराटीत बोनस देण्यास आरंभ केला. काही वर्षांनी तो बंद करताच १९२४ च्या प्रारंभी गिरण्या संपाने थंडावल्या. कामगारांच्या दृष्टीने ती आता कृपा नव्हती, घरखर्चात धरलेली रक्कम होती. आमच्या रेल्वेत १९७९-८० पासून उत्पादकतेशी निगडित बोनस आहे. दिल्लीत मंत्रिमंडळ दसऱ्यापूर्वी तो जाहीर करते, आणि गेली अनेक वर्षे तो ७८ दिवसांचा, म्हणजे जास्तीत जास्त १७,९५१ रुपयांचा, ठरत आला आहे. उत्पादकता वर्षानुवर्षे नेमकी ७८ दिवसांचीच कशी, असे विचारणारा रसिक मला अद्याप भेटलेला नाही. मला हे गैर वाटत नाही. ती सणाची दक्षिणा झाली आहे. ती द्यावी, आनंदाने द्यावी, आणि तिच्याकडून कामाचा वेग वाढण्याची अपेक्षा करू नये.

पारितोषिकाचा याहून सूक्ष्म दोष असा की ते ज्यावर लावावे त्यावरच डोळा खिळतो, आणि बाकीचे काम अंधारात जाते. इंग्रजांच्या अमलात दिल्लीत नाग मारून आणणाऱ्यास इनाम लावले, तर लोक नाग पाळू लागले, अशी एक गोष्ट सर्वतोमुखी आहे. ती सांगोवांगीची आहे. परंतु फ्रेंच अमलाखालील हनोई शहरात १९०२ साली उंदरांच्या शेपटीमागे इनाम लावले, तेव्हा शेपट्या कापून उंदीर सोडून दिल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. या गोष्टी ऐकून आपण हसतो. मी मात्र फार हसत नाही, त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात संस्कृत ग्रंथांच्या अनुवादाचे काम करीत होतो. तेथे असे ठरले की जो अनुवादक महिन्यात सर्वांत अधिक पृष्ठे उतरवील त्यास वेतनावर काही रक्कम मिळावी. रक्कम लहान नव्हती. ती लागोपाठ तीन महिने मला मिळाली, आणि घरी त्याचे पेढे वाटले गेले. मी लबाडी केली नाही. एकही पान न वाचता उतरविले नाही. केवळ इतकेच झाले की वाटपाच्या वेळी सुबोध माहात्म्ये मी उचलू लागलो आणि दुर्बोध टीका दुसऱ्यांकडे जाऊ लागल्या. सात पदांचा समास आला की पूर्वी मी उठून कपाटापर्यंत जात असे, आता बसल्या जागी त्याला एक सपाट शब्द देऊ लागलो. माझ्याच खोलीत एक वयोवृद्ध सहकारी होते. ते एका शब्दापाशी अर्धा दिवस घालवीत. त्यांचे नाव फलकावर कधीच आले नाही, आणि मला त्यांची थोडी कीव वाटत असे, हे मी आज लाजून लिहितो.

चौथ्या महिन्यात छापून आलेले एक पुस्तक हाती पडले. त्यात एका ठिकाणी मूळच्या जुन्या प्रतीत अवग्रहाचे चिन्ह गळालेले होते. 'कुतो' च्या पुढे 'अधर्म' होता; मी 'धर्म' वाचला. टीका उघडली असती तर दहा पळांत उलगडा झाला असता. अर्थ अगदी उलटा झाला, आणि तो कोणा भाविकाने श्रद्धेने वाचला असेल. पुढे ती योजना बंद झाली. पण त्यानंतर पुष्कळ दिवस मला एका ओळीपाशी स्वस्थ बसता येईना. पान उलटण्याची सवय हाताला लागली होती. पैसे येणे थांबले, तरी जुनी गोडी लगेच परत आली नाही. मला या प्रश्नाचे जे काही कळले ते ग्रंथांपेक्षा त्या दिवसांनी अधिक शिकविले.

यावर त्या सद्गृहस्थांनी एक शंका विचारली होती, आणि ती योग्य होती. बक्षीस नको, तर मग लक्ष्यही नको काय? लक्ष्यावाचून काम कसे व्हावे?

येथेही मीमांसेचा एक भेद उपयोगी पडतो. यज्ञात काही गोष्टी क्रत्वर्थ असतात, म्हणजे यज्ञ नीट पार पडावा म्हणून. काही पुरुषार्थ असतात, म्हणजे करणाऱ्यास काही मिळावे म्हणून. मुहूर्त क्रत्वर्थ आहे. अमुक घटिकेस आहुती पडली पाहिजे, हे कर्माचेच अंग आहे; ते पाळण्याची तळमळ ही फळाची आसक्ती नव्हे. दिल्लीकरांनी याचे एक उदाहरण डोळ्यांनी पाहिले आहे. १९९७ साली तेच श्रीधरन, कोकण रेल्वेचे मोठे काम हातावेगळे करीत असतानाच, दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. गीतेवरील त्यांची निष्ठा त्यांनी कधी लपविली नाही. त्यांच्या कार्यालयांत आणि कामाच्या जागी उलटी चालणारी घड्याळे लावलेली असत. अमुक मार्ग सुरू होण्यास किती दिवस उरले हे ती दाखवीत. १ ऑक्टोबर १९९८ ला काम सुरू झाले, डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली, आणि सुमारे ६५ किलोमीटरांचा पहिला टप्पा २००५ च्या अखेरीस, ठरल्या मुदतीपूर्वी जवळजवळ तीन वर्षे, पुरा झाला. त्या घड्याळाकडे पाहून कोणाच्या मनात 'मला काय मिळेल' हे येण्याजोगे नव्हते. ते घड्याळ मुहूर्त सांगत होते. त्याच घड्याळाखाली रुपयांचा आकडा लिहिला असता, तर क्रत्वर्थाचे पुरुषार्थ झाले असते.

आणि फळाचा दुसरा पैलू, जो बक्षिसांच्या चर्चेत कधी येत नाही, तोही तेथेच दिसला. १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोच्या बांधकामातील पुलाचा भाग कोसळला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक दायित्व स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही, हा भाग वेगळा. त्यांनी स्वतः तो खांब रचला नव्हता. फळावर अधिकार नाही असे म्हणणारा माणूस अपयशाच्या फळापुढे प्रथम उभा राहतो, आणि यशाच्या फळापुढे मागे. ज्या कार्यालयांत बक्षीस वरच्यांकडे आणि ठपका खालच्यांकडे जातो, तेथे कितीही गीतापठण करविले तरी कामगार मनातल्या मनात काय म्हणत असतील, हे सांगावयास नको.

त्या सद्गृहस्थांना मग मी असे सुचविले. प्रोत्साहनाच्या रकमेतील जो भाग माणसांच्या घरखर्चात धरला गेला आहे, तो मूळ वेतनात घालण्याविषयी वरिष्ठांकडे भांडावे. ते काम त्यांच्या अधिकाराचे आहे, फळ येवो न येवो. जेथे माणसे येतच नाहीत, कामास हात लावीत नाहीत, तेथे हजेरीवर थोडे अधिक देण्यास हरकत नाही. परंतु जे कारागीर आपण होऊन नीट काम करतात, त्यांच्यापुढे पैशाचे आमिष नाचवू नये. त्यांचे काम स्वतः जाऊन पाहावे, हातात घेऊन पाहावे, आणि चांगले झाले तर त्यांना तसे सांगावे. महिन्याच्या फलकावर एकाचे छायाचित्र लागते तेव्हा उरलेल्या नव्व्याण्णवांचे लागत नाही, हेही ध्यानात असावे.

मध्यंतरी त्यांचा दूरध्वनी आला होता. वेतनाची गोष्ट वर पाठविली आहे, उत्तर आलेले नाही. फलक अजून आहे. तो काढण्याचा अधिकार त्यांना नाही. परंतु रोज सकाळी अर्धा तास ते यंत्रांमधून फिरतात. एका वयस्क फिटरने घासून आणलेला सुटा भाग त्यांनी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला, तेव्हा तो फिटर म्हणाला, "साहेब, अकरा वर्षांत हा कोणी असा बघितला नव्हता." हे सांगताना त्यांचा आवाज जरा अडखळला. पुढच्या महिन्याचे उत्पादन किती झाले, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.